पुस्तकं लावण्याआधी भिंत तपासा

मुंबईच्या घरात पुस्तकं वाचून जेवढी झिजतात, त्याहून जास्त ओल्या भिंतीला टेकून खराब होतात. म्हणून विषयवार लावायची की लेखकवार, हा वाद थोडा पुढे ढकला. कपाट कुठल्या भिंतीला लागणार, ते आधी ठरवा.

इमारतीची बाहेरची भिंत, त्यातही पश्चिमेची किंवा नैऋत्येची, पावसाचा थेट मारा झेलते. बाथरूमला किंवा मोरीला लागून असलेली भिंत वर्षभर ओल धरून असते. दोन खोल्यांमधली आतली भिंत मिळाली तर उत्तम. शंका असेल तर पावसाळ्यात एक साधी परीक्षा करा. फूटभर लांब-रुंद जाड प्लॅस्टिक भिंतीवर धरून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. गळती बंद केल्याशिवाय तिथे कपाट नको. आतली बाजू कोरडी आणि खोलीकडची दमट असेल तर दोष हवेचा आहे. तिथे कपाट भिंतीपासून दीड-दोन इंच पुढे ठेवलं की बऱ्यापैकी भागतं. कपाटाला मागून प्लाय असला तरी ही फट सोडाच, कारण बुरशी धरते ती हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यात.

खालून किती उंची सोडायची, हे मजल्यावर अवलंबून आहे. वरच्या मजल्यांवर ४ ते ६ इंच पुरतात. तेवढ्याने फरशी पुसतानाचं पाणी लागत नाही. तळमजल्यावर किंवा बैठ्या चाळीत मात्र खालच्या दीड फुटात पुस्तकं ठेवूच नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना खालच्या खणाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. खिडकीतून येणारं ऊन पुस्तकांच्या कण्यांवर पडत असेल तर पडदा लावा. लाल आणि जांभळी छपाई उन्हात फार लवकर उडते. एसीच्या खालीही कपाट नको, तो कधी ठिबकेल सांगता येत नाही.

किती जागा लागेल?

अंदाजाने सुताराला बोलावलं की कपाट वर्षभरात भरतं. मराठी पुस्तकं बहुतांशी डेमी किंवा क्राउन आकाराची असतात, साधारण साडेआठ आणि साडेसात इंच उंचीची. कथा, कविता, कादंबऱ्या अशी मिसळ असेल तर एक फूट फळीवर १६ ते २० पुस्तकं बसतात. म्हणजे ५०० पुस्तकांना सुमारे २८ फूट फळी लागते. त्यात पाचवा हिस्सा वाढीसाठी धरा, हिशेब ३४ फुटांवर जातो. अडीच फूट रुंदीच्या आणि सात खणांच्या एका कपाटात साडेसतरा फूट फळी होते. म्हणजे दोन कपाटं.

वजनाचा हिशेब लोक करत नाहीत आणि तिथेच फसतात. एक फूट पुस्तकं ६ ते ९ किलो भरतात. सात खणांचं एक भरलेलं कपाट सहज सव्वाशे किलोंच्या पुढे जातं. म्हणून फळी १८ किंवा १९ मिलिमीटरच्या प्लायची घ्या आणि आधाराशिवायची लांबी अडीच फुटांच्या पुढे नेऊ नका. तीन फुटांची फळी दिसते छान, पण दोन-तीन पावसाळ्यांत मधोमध झोळ येतो. आधीच तीन फुटी फळ्या असतील तर पुढच्या कडेला खालून दीड इंचाची लाकडी पट्टी ठोकून घ्या किंवा मधे उभा आधार द्या. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, पण तो वजनाने लवकर वाकतो आणि पाणी लागलं की फुगतो. फुगलेला पुन्हा बसत नाही. प्लाय घेताना बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) प्रतीचा मागा. एमआर (फक्त दमटपणा सोसणारी) प्रत कोरड्या गावाला ठीक आहे, मुंबईत नको. लॅमिनेट फक्त बाहेरून लावलं तर फळी एका बाजूला ओढली जाते, म्हणून आतून लायनर, म्हणजे पातळ लॅमिनेट, हवाच.

कपाटाची खोली ९ ते १० इंच पुरते. १५ इंच खोल कपाट केलं की पुस्तकांच्या दोन रांगा लागतात आणि मागची रांग विस्मरणात जाते. जागेअभावी दोन रांगा लावाव्याच लागल्या तर १३ इंच उंचीच्या खणात मागच्या रांगेखाली चार इंच उंचीचा लाकडी पाट सरकवा, म्हणजे पुढच्या पुस्तकांच्या डोक्यावरून मागच्यांची नावं वाचता येतात. खणांची उंची बदलता येईल अशी भोकं बाजूच्या फळ्यांना पाडून घ्या. बहुतेक खण १० इंचांचे आणि एक-दोन १३ इंचांचे ठेवा. कोश, चित्रांची पुस्तकं आणि दिवाळी अंक तिथे जातील. उंच कपाट वरच्या बाजूने एल-पट्टीने भिंतीला जखडा. घरात लहान मूल असेल तर ते कधीतरी खणांवर पाय देऊन चढणारच.

काचेची दारं लावावीत का? रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या बाजूचं घर असेल तर लावावीत, काळी धूळ फार बसते. मात्र दारांच्या वर-खाली बोटभर फट ठेवा आणि कोरड्या दिवसांत दारं रोज थोडा वेळ उघडी टाका. लोखंडी कपाटाचं दारही दिवसाआड उघडायला हवं. पूर्ण बंद लोखंडी कपाटात रात्रीचा दमटपणा आतच राहतो.

सगळं एकदा खाली काढा

खण-खण करून आवरलं तर जुनीच अव्यवस्था नव्या फळीवर जाते. एखाद्या कोरड्या रविवारी, दोघांनी मिळून, सगळी पुस्तकं जमिनीवर चादर पसरून काढा. ऑक्टोबरच्या अखेरीपासून मेपर्यंत कधीही चालेल. जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. त्या दिवसांत पानं आधीच दमट असतात आणि नव्या कपाटात दमट पुस्तकं कोंबणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

काढतानाच झटका. पुस्तक बंद धरून एक इंची मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या दिशेने वरची कड साफ करा, कारण धूळ तिथे बसते. ओलं फडकं लावू नका, धुळीचा चिखल होऊन पानांच्या कडांत मुरतो. रबरबँड, टाचण्या, यू-पिना काढून टाका. समुद्राच्या हवेत लोखंड गंजतं आणि गंजाचा डाग चार-पाच पानं खोल जातो. सेलोटेप मात्र ओढून काढू नका, छपाईसकट निघते. राहू द्या.

साफ करतानाच तीन ढीग होऊ द्या: ठेवायची, द्यायची, संशयित. कडांना नागमोडी कुरतडलेलं, पानावरचा गुळगुळीत थर खरवडल्यासारखा गेलेला किंवा बारीक भुसा गळणारं पुस्तक संशयितांत. ते इतरांत मिसळण्याआधी पिशवीत बांधा. त्याचं काय करायचं, ते पुढे येतं.

द्यायच्या पुस्तकांबद्दल कठोर राहा. ग्रंथालयं यालाच निर्लेखन म्हणतात आणि चांगली ग्रंथालयं ते नियमाने करतात. दुसरी प्रत, जुनी परीक्षेची गाइडं, कालबाह्य कायद्याची आणि करांची पुस्तकं, कोणीतरी भेट दिलेली पण तुम्ही कधीच न वाचणारी पुस्तकं: ही जागा अडवतात. ग्रंथालयाला द्यायची असतील तर यादी आधी पाठवा. लोकप्रिय पुस्तकांच्या प्रती त्यांच्याकडे असतातच. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं आहे, अशा ठिकाणी न विचारता गोणी नेऊन टाकणं बरं नव्हे. जुनी, हाती न मिळणारी आवृत्ती असेल तर मात्र रद्दीत घालण्याआधी जरूर विचारा. बाकीची फोर्टातल्या किंवा माटुंग्याच्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे जाऊ शकतात.

क्रम कोणता लावायचा

व्यवस्थेची कसोटी एकच ठेवा: वाचून झालेलं पुस्तक घरातल्या कोणालाही, तुम्हाला न विचारता, जागेवर ठेवता आलं पाहिजे. आजीलाही आणि आठवीतल्या मुलालाही. या कसोटीवर रंगवार मांडणी पहिल्या दिवशी बाद होते. उंचीवार मांडणी दिसते नीटस, पण एकाच लेखकाची पुस्तकं चार खणांत पांगतात.

ग्रंथालयातली विषयांना आकडे देणारी दशांश पद्धत घरी जशीच्या तशी आणू नका. मेल्विल ड्यूईने ती १८७६ मध्ये सगळ्या ज्ञानासाठी आखली. तिच्यात मराठी साहित्याला ८९१.४६ हा आकडा आहे, म्हणजे तुमचं निम्मं कपाट एकाच आकड्यावर येऊन बसेल. त्या आकड्यापुढची विभागणी मात्र उचलण्यासारखी आहे: १ कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. त्याला घरचे चार-पाच गट जोडा: संतसाहित्य, चरित्र-आत्मचरित्र, इतिहास, मुलांची पुस्तकं, कोश-संदर्भ. एकूण गट आठ ते दहा. त्याहून जास्त झाले की प्रत्येक नव्या पुस्तकापाशी हात थबकतो. वीसपेक्षा कमी पुस्तकं असलेला गट शेजारच्या गटात घाला.

गटाच्या आत आडनावाप्रमाणे लावा. इथे मराठीचे स्वतःचे पेच आहेत आणि ते आधीच सोडवून टाकले नाहीत तर महिनाभरात घोळ होतो.

टोपणनावं हा पहिला पेच. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच. कविता एका नावाने, नाटकं दुसऱ्या. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर एकच. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. दोन मार्ग आहेत. मुखपृष्ठावर जे नाव छापलंय तिथेच पुस्तक ठेवायचं, किंवा सगळं एका नावाखाली आणायचं. घरासाठी पहिला मार्ग चांगला, कारण परत ठेवणारा माणूस मुखपृष्ठ वाचतो, वाङ्मयाचा इतिहास नाही. दुसऱ्या नावाच्या जागी पुस्तकाच्या उंचीची पुठ्ठ्याची पट्टी उभी खोचा: ‘शिरवाडकर: कविता हवी असेल तर कुसुमाग्रज पाहा’. अशा पाच-सहा पट्ट्या पुरतात.

संतांना आडनाव नाही. ज्ञानेश्वर, तुकाराम, एकनाथ नावानेच लावा. अनुवाद मूळ लेखकाच्या आडनावाखाली ठेवा, अनुवादकाचं नाव पुस्तकांच्या यादीच्या वहीत नोंदवा. चरित्रं मात्र लेखकाप्रमाणे न लावता ज्याचं चरित्र आहे त्याच्या नावाप्रमाणे लावा. टिळकांवरची पाच पुस्तकं पाच ठिकाणी असण्यात कोणाचाच फायदा नाही.

दुसरा पेच क्ष आणि ज्ञ यांचा. वर्णमालेत ती अक्षरं ळच्या पुढे, शेवटी येतात. पण क्ष म्हणजे क्+ष आणि ज्ञ म्हणजे ज्+ञ, म्हणून कित्येक कोशांत ती क आणि ज खाली मिळतात. क्षीरसागर हे आडनाव पहिल्या खणात जाणार की शेवटच्या, हे ठरवा आणि कपाटाच्या दाराच्या आतून चिठ्ठी लावा. आमचा कौल क आणि ज खाली लावण्याकडे आहे. संगणकावरची यादीही बहुतेक वेळा तशीच लागते, मग वही आणि फळी एकमेकांशी जुळतात. श्र नेहमी श खाली. अनुस्वार असलेल्या नावांचा फार विचार करू नका. घरच्या संग्रहाला पहिली दोन अक्षरं जुळली की पुस्तक सापडतं.

डोळ्यांच्या उंचीचे दोन खण रोज लागणाऱ्या गटाला द्या. मुलांची पुस्तकं मुलांच्या छातीच्या उंचीला, जड कोश खाली, सगळ्यात वर क्वचित लागणारी. खण भरताना शेवटी हाताच्या पंजाएवढी जागा मोकळी सोडा. घट्ट कोंबलेलं पुस्तक काढताना लोक कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढतात आणि कणा नेमका तिथेच फाटतो. बरोबर पद्धत अशी: शेजारची दोन पुस्तकं इंचभर आत ढकला, मधल्याचा कणा दोन्ही बाजूंनी मध्यावर पकडा आणि सरळ बाहेर घ्या. घरातल्या मुलांना एकदा करून दाखवा. पुस्तकं तिरकी टेकून ठेवू नका, बांधणी वाकते. मोकळ्या जागेत बुकएंड, म्हणजे पुस्तकं उभी धरणारा आधार, लावा. मोठ्या आकाराची पुस्तकं आडवी ठेवली तरी एकावर एक तीन-चारच.

दिवाळी अंक

‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात हा ढीग आहे. त्याला पुस्तकांत मिसळू नका. अंकांचा कागद बहुधा हलका, कण्यावर नाव नाही किंवा अगदी बारीक, आणि आकार प्रत्येकाचा वेगळा. मासिकांसाठीच्या पुठ्ठ्याच्या उभ्या फाइली घ्या. एकीत साधारण आठ ते दहा अंक बसतात. अंकाच्या नावाप्रमाणे लावा, आत वर्षाप्रमाणे, आणि फाइलीवर वर्षं लिहा. सगळे अंक ठेवण्याचा हट्ट मात्र करू नका. ज्या अंकात तुम्हाला पुन्हा वाचावंसं काही आहे तेवढेच ठेवा आणि अनुक्रमणिकेत त्या लेखाशेजारी पेन्सिलीने खूण करा. पुढच्या दिवाळीत नवे अंक आले की खूण नसलेले बाहेर काढायचे.

वही किंवा संगणकावरचा तक्ता

तीनशेच्या वर पुस्तकं असतील तर यादी हवी. तिच्यामुळे एकच पुस्तक दोनदा विकत घेतलं जात नाही. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक द्या, १ पासून सरळ, गटाशी संबंध न जोडता. तो मुखपृष्ठामागच्या शीर्षकपानाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई दमट हवेत पलीकडे उमटते आणि दाबाने पानाला वळ पडतो. कण्यावर चिकटपट्टीने चिठ्ठ्या लावू नका. डिंक पिवळा पडतो आणि धूळ धरतो.

रकाने एवढेच: दाखल क्रमांक, आडनाव, नाव, शीर्षक, गट, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, खण, कोणाला दिलं, कधी दिलं. आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत हवं, म्हणजे आडनावाने क्रम लावता येतो. ‘पु. ल.’ आणि ‘पु.ल.’ ही संगणकाला दोन माणसं वाटतात. म्हणून आद्याक्षरांनंतर बिंदू आणि मग एक मोकळी जागा, हा नियम पहिल्या नोंदीपासून पाळा. तक्त्यात क्रमांक आणि वर्ष इंग्रजी अंकांत टाका. मराठी अंक बऱ्याचदा शब्द म्हणून वाचले जातात आणि क्रम बिघडतो. जुन्या पुस्तकांवर शके असतं, त्यात ७८ मिळवा: शके १८५० म्हणजे इसवी सन १९२८. जानेवारी ते मार्चमधलं पुस्तक असेल तर ७९. नव्या पुस्तकांच्या मागच्या काळ्या रेघांच्या पट्ट्या (बारकोड) मोबाइलने वाचून माहिती आपोआप भरणारी ॲप्स आहेत, पण मराठी पुस्तकांची माहिती त्यांत अनेकदा चुकीच्या स्पेलिंगची किंवा रोमन लिपीत येते. जुन्या पुस्तकांवर तर ती पट्टीच नसते. सरळ हाताने भरा, एका बैठकीत पन्नास.

देवघेवीचे दोन रकाने भरायला लाज वाटू देऊ नका. पुस्तक देताना समोरच्याच्या देखत लिहिलं की ते परत येण्याची शक्यता वाढते.

ओल, कसर आणि वाळवी

डिजिटल आर्द्रतामापक तीन-चारशे रुपयांत मिळतो, कपाटात ठेवा. पुस्तकांना ४५ ते ६० टक्के मानवतं. ६५च्या वर आकडा दिवसेंदिवस राहिला की बुरशी धरू लागते आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा ८०च्या वर असते. पाऊस लागून राहिला असेल तेव्हा खिडक्या उघडून काही साधत नाही. पंखा चालू ठेवा, एसी असेल तर तो चालू असताना कपाटाची दारं उघडा. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या फळीवर निरुपयोगी असतात. घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बंद पेटीत त्यांचा उपयोग होतो. रंग बदलला की पुन्हा गरम करून वाळवाव्या लागतात. प्लॅस्टिकची कव्हरं घालू नका, ती ओल आत कोंडतात. खाकी कागदाचं कव्हर घातलंत तर कण्यावर नाव लिहायला विसरू नका.

कडुलिंबाचा पाला, वेखंड यांनी कीड थोडी दूर राहते, आत शिरलेली मरत नाही. पाला पूर्ण वाळलेला हवा, ओल्याचा डाग पडतो. डांबराच्या गोळ्या झोपायच्या खोलीत आणि लहान मुलं असलेल्या घरात वापरू नका, त्यांची वाफ श्वासातून जाते.

संशयित ढिगातल्या पुस्तकांना थंडी हा उत्तम उपाय आहे. पुस्तक झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. जुन्या एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड होत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर हवेतलं पाणी थंड पानांवर जमतं. चामड्याची बांधणी आणि फोटोंचे अल्बम यांना हा उपाय करू नका.

कपाटामागे मातीची बारीक नळी चढताना दिसली तर ती वाळवी. त्या खणातली पुस्तकं लगेच बाहेर काढा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. फवारणी भिंतीवर आणि कपाटाच्या पाठीवर व्हायला हवी, पुस्तकांवर नको.

बुरशी आलेलं पुस्तक आधी वाळवा, मग झटका. ओली बुरशी पुसली की पानांत चोळली जाते. सावलीत, पंख्याखाली, पानं उघडी ठेवून दोन-तीन दिवस ठेवा. मग गॅलरीत जाऊन, एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने स्वतःपासून दूर झटका. तो ब्रश पुन्हा चांगल्या पुस्तकांना लावू नका. तपकिरी ठिपके राहतील, ते जात नाहीत, पण वाचायला आडवे येत नाहीत.

पूर्ण भिजलेलं पुस्तक उघडून पिळू नका. उभं करा, पानं पंख्यासारखी थोडी फाकवा आणि दर वीस-तीस पानांमागे कोरा टिपकागद किंवा स्वयंपाकघरातला टिश्यू घाला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. कागद दर दोन तासांनी बदला. गुळगुळीत चकचकीत पानांची पुस्तकं आधी हाताळा. ती एकदा चिकटून वाळली की सुटत नाहीत. एकाच दिवशी एवढ्या पुस्तकांना हात पोचणार नसेल तर उरलेली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका आणि पाऊस थांबल्यावर एकेक करून बाहेर काढून वाळवा.